धाकटी पाती

मराठीतील ‘पाती’ हा शब्द मोठा बोलका आहे. एकाच मूळपुरुषाचे दोन पुत्र वेगळे झाले म्हणजे वडील पुत्राच्या वंशास थोरली पाती व धाकट्याच्या वंशास धाकटी पाती म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. माळव्यात देवासास तर पवारांच्या या दोन्ही पात्या एकाच गावात राज्य करीत होत्या. कुळ एक, आडनाव एक, कुलदैवत एक. तथापि थोरल्या पातीकडे नुसते नाव घेतले की पुरते, आणि धाकट्या पातीस मात्र आपले कुलीनत्व दर पिढीस नव्याने पटवून द्यावे लागते, असा अनुभव राजघराण्यांतच काय, पण चार बिघे जमीन असलेल्या साध्या कुटुंबांतही येतो.

आम्हांस हा शब्द राजेरजवाड्यांमुळे आठवला नाही, तर मोटारींमुळे आठवला. युरोपातील ज्या कारखानदारांनी लांबरुंद व भारदस्त मोटारी बांधून जगभर नाव मिळविले, त्या बहुतेकांवर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत केव्हा ना केव्हा लहान मोटार काढण्याचा प्रसंग आला. कोठे पेट्रोल महागले, कोठे शहरांतील गल्ल्या अपुऱ्या पडू लागल्या, कोठे सरकारने धुराविषयीचे नियम कडक केले, तर कोठे तरुण गिऱ्हाईक हातचे जाऊ लागले. अशा वेळी प्रत्येक घराण्यापुढे एकच पेच उभा राहिला. मोटार तर लहान करावयाची. मग तिच्यात घराण्याचे म्हणून काय ठेवावयाचे? चेहरा, नाव, की आणखी काही? रूप आणि आशय यांचा वाद वर्गात तीस वर्षे घालीत आलेल्या आमच्यासारख्या माणसास या पेचात गोडी वाटली तर वाचकांनी नवल करू नये. यंत्रशास्त्रातले आम्हांस फारसे कळत नाही. पण एखादी गोष्ट आखडती घेताना तिच्यातून प्रथम काय गळते आणि काय टिकते, हे पाहण्याची सवय आमच्या धंद्याने लावली आहे.

प्रथम चेहऱ्याविषयी. मोटारीच्या तोंडावरील जाळीस आज खानदानाची खूण मानतात. परंतु ती मुळात शोभेसाठी जन्मास आली नव्हती. १९०० साली नीस येथे राहणाऱ्या एमिल येलिनेक नावाच्या धनिकाने जर्मनीतील डाइम्लर कारखान्याकडे अधिक वेगवान, अधिक बुटकी व अधिक स्थिर गाडी मागितली आणि तिला आपल्या मुलीचे, मर्सिडीझ हिचे, नाव द्यावयास लावले. विल्हेल्म मायबाख याने ती गाडी रचली. पस्तीस अश्वशक्तीचे इंजिन तापू नये म्हणून त्याने तिच्या पुढच्या बाजूस मधाच्या पोळ्यासारखे एक यंत्र बसविले. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. त्यांतून वारा वाहावा आणि भोवतीचे पाणी निवावे, अशी योजना होती. वारा समोरून येतो म्हणून ते यंत्र समोर आले, आणि समोर आले म्हणून लोकांच्या नजरेत भरले. पुढे त्यालाच चौकट आली, चकाकी आली, वर तारा आला. बीएमडब्ल्यू या दुसऱ्या जर्मन घराण्याच्या नाकावर १९३३ सालापासून मूत्रपिंडाच्या आकाराची जी जोडजाळी दिसते, तिचेही मूळचे काम वारा आत घेण्याचेच होते. पोटापाण्याच्या सोयीसाठी केलेली गोष्ट तीन पिढ्यांनंतर कुळाचार होते, ही आपल्याकडील कित्येक सोवळ्याओवळ्याच्या चालींची कथा येथेही तशीच घडली.

दुसरी गंमत याहून मोठी आहे. लहान मोटार काढल्याने कुळास कमीपणा येईल, अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच घराण्याची वंशावळ नीट वाचलेली नसते. बीएमडब्ल्यूने मोटारीच्या धंद्यात पाऊल टाकले ते १९२८ साली आयझेनाख येथील डिक्सी नावाचा कारखाना विकत घेऊन; आणि तो कारखाना त्या वेळी काय बांधीत होता? ‘ऑस्टिन सेव्हन’ नावाच्या इवल्याशा इंग्रजी मोटारीची परवान्याने काढलेली प्रत! तिकडे इंग्लंडात ब्लॅकपूल येथे विल्यम लायन्स हा तरुण मोटारसायकलींच्या बाजूगाड्या बांधीत असे. त्याने १९२७ साली त्याच ऑस्टिन सेव्हनच्या सांगाड्यावर देखणा साज चढविला. त्या उद्योगातून पुढे जॅग्वार हे नाव निघाले. म्हणजे आज एकमेकांकडे तोऱ्याने पाहणारी ही दोन घराणी एकाच ठेंगण्या पणजीच्या मांडीवर खेळलेली आहेत.

आपल्याकडे तर लहान वाहन म्हणजे हलक्या दर्जाचे वाहन, हे समीकरणच नव्हते. मोठी बैलगाडी असे ती खताची, कडब्याची, गुळाच्या ढेपांची. घरधनी किंवा माहेरवाशीण निघाली की दमणी जोडीत. दमणी हलकी, आटोपशीर, वर आच्छादन घातलेली. तिला बैलही निवडक, चपळ जोडीचे. ओझे मोठ्या गाडीने वाहावे आणि अब्रू लहान गाडीने मिरवावी, असा तो व्यवहार होता. मोटारीबरोबर लांबीत प्रतिष्ठा मोजण्याची जी रीत आली, ती आमच्या मते परकी आहे.

मर्सिडीझ घराण्याने धाकट्या पातीचा गंभीर विचार केला तो १९८२ साली. त्या वर्षी ‘१९०’ ही मोटार निघाली. लांबी सुमारे ४.४२ मीटर, आजच्या मानाने काही फार लहान नव्हे, परंतु त्या घराण्यात ते बाळच ठरले, आणि लोकांनी तिला ‘बेबी बेंझ’ असे काहीसे थट्टेने म्हटले. तिचे रूप ब्रूनो साक्को या इटलीत जन्मलेल्या कलावंताच्या देखरेखीखाली ठरले. २०२४ साली तो वारला. त्याचे दोन नियम प्रसिद्ध आहेत. नवी गाडी आली म्हणून कालची गाडी एकदम जुनाट दिसू नये, हा पहिला. आणि एकाच काळातील लहानमोठ्या सर्व गाड्या परस्परांच्या भावंडांसारख्या दिसाव्यात, हा दुसरा. पहिला नियम पूर्वजांचा मान राखणारा आहे आणि दुसरा भाऊबंदांचा. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणाही मराठी माणसास तो अर्थ सांगावा लागू नये.

परंतु ‘१९०’ची खरी कुलीनता आम्हांस तिच्या तोंडावळ्यात दिसत नाही. तिच्या मागच्या प्रत्येक चाकास पाच दांड्यांनी धरून ठेवणारी एक नवी रचना केली होती, ज्यायोगे खाचखळग्यांत व वळणावर चाक आपली जागा सोडीत नसे. ही रचना थोरल्या मोटारींना मिळण्याआधी धाकटीस मिळाली, आणि तेथून ती १९८४ साली वरच्या वर्गातील गाडीत गेली. आता पाहा योगायोग. १९९४ साली या कंपनीने भारतात शाखा काढली आणि १९९५ साली पिंपरीस टेल्कोच्या आवारात जी पहिली मोटार जुळविली, ती हीच वरच्या वर्गातील गाडी होती. जर्मनीत त्याच वर्षी तिची जागा नव्या गाडीने घेतली, म्हणून आपल्याकडील पुष्कळ श्रीमंत रसिक तेव्हा कुरकुरले. त्यांनी तिची चाके पाहिली असती तर कदाचित कुरकुरले नसते. ‘१९०’ मात्र अकरा वर्षांत सुमारे १८ लाख ८० हजार तयार झाल्या, तेव्हा थट्टेखोरांची तोंडे आपोआप बंद झाली.

२००९ साली हा कारखाना चाकणास आला. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले म्हणजे चाकण लागते. पुढे राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करीत आळेफाटा येतो. तेथे नगरच्या दिशेने उजवीकडे वळून बेल्हे मागे टाकले की गुळुंचवाडीजवळ, मळगंगेच्या देवळाशी, निसर्गाने स्वतःच बांधलेला दगडी पूल आहे. आणि मग आणे घाट चढून गेले की पठारावर आमचे आणे. रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीचा महाप्रसाद होतो, तेच हे गाव. तालुक्यात कुकडीची धरणे आहेत खरी, पण पठार उंचावर पडल्यामुळे पाण्याचा प्रश्न आमच्या पाचवीस पूजलेला. चाकणच्या कारखान्यांनी या रस्त्याच्या दोहों बाजूंची पुष्कळ तरुण मंडळी ओढून नेली आहेत. आमचा पुतण्याही तिकडेच एका कारखान्यात नोकरीस आहे. कारखान्याचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही, आणि त्याने जी मोटार घेतली तिचेही नाही. युरोपातील एका जुन्या घराण्याच्या धाकट्या पातीची ती होती, एवढे पुरे.

गाडी घेऊन तो गावी आला तेव्हा पारावर बरीच मंडळी जमली. आमच्या वडीलबंधूंनी, म्हणजे त्याच्या तीर्थरूपांनी, गाडीकडे पाहून प्रथम किंमत विचारली आणि ती ऐकून म्हणाले, “एवढ्या पैशांत ही एवढीच?” दुसऱ्या एकाने नाकावरच्या बिल्ल्यास हात लावून पाहिला. परंतु एक म्हातारे गृहस्थ, ज्यांनी आपले तारुण्य घाटात गाड्या हाकण्यात घालविले, ते काठी टेकीत गाडीभोवती फिरले, वाकून चाकाकडे व त्यामागच्या अंधारात निरखून पाहू लागले आणि म्हणाले, “झ्याक हाय, बाळा. पर घाट उतरताना आवरती का?” उतारावर चाकास अडसर घालूनही न आवरलेल्या गाड्या त्यांनी पाहिल्या होत्या. मोटारीविषयी विचारण्यासारखा खरा प्रश्न त्या दिवशी पारावर एवढा एकच विचारला गेला, असे आमचे मत आहे.

त्याच मुक्कामात घराचा प्रश्नही निघाला. जुन्या वाड्याच्या वाटण्या होऊन आमच्या वाट्यास तीन खण आले होते, आणि तेथे पुतण्या दोन खोल्यांचे नवे घर बांधणार होता. वाड्याच्या दरवाजाची सागवानी चौकट, वर गणेशपट्टी असलेली, उतरवून ठेवली होती. वडीलबंधूंचे म्हणणे असे की, काही झाले तरी ती चौकट नव्या घरास बसलीच पाहिजे. मोठी होत असेल तर सुताराकडून कापून घ्यावी, पण येणाऱ्या-जाणाऱ्यास ती दिसली पाहिजे. पुतण्या म्हणाला, “काका, तुम्हीच सांगा. गणपतीच्या दोन्ही बाजूंच्या वेली कापल्या तर उरले काय?” आम्ही त्यास विचारले की, वाड्याच्या ओट्यावरचा रांजण त्यास आठवतो काय? घाट चढून आलेला वाटसरू, मग तो कोणत्याही जातीचा असो, त्या ओट्यावर टेकून पाणी पीत असे, आणि रांजण रिकामा दिसला तर आमच्या आजी घरातील बायकांची खरडपट्टी काढीत. उन्हाळ्यात पाणी दोन मैलांवरून येई, तरीही. आमच्या घराची ख्याती पंचक्रोशीत होती ती चौकटीमुळे नव्हे, हे वडीलबंधूही जाणून होते. म्हणून ते गप्प राहिले. शेवटी पुढची खोली पाच फुटांनी आखडून ओटा काढला. चौकट अजून गोठ्यात भिंतीस टेकून उभी आहे, आणि तिच्याविषयी वडीलबंधूंची कुरकुरही अजून उभी आहे. ती सर्वस्वी अन्यायाची आहे, असे आम्ही म्हणणार नाही.

वरील म्हाताऱ्याचा प्रश्न मर्सिडीझ घराण्यास १९९७ साली सबंध जगासमोर ऐकावा लागला होता. त्या वर्षी त्यांनी ‘ए-क्लास’ ही मोटार काढली. लांबी अवघी ३.५७ मीटर, उंच, आखूड, काहीशी पेटीसारखी. देखणी तिला कोणी म्हटले नाही. पण एवढ्याशा लांबीत मोठ्या गाडीइतका आसरा द्यावयाचा, म्हणून कारागिरांनी तिची जमीनच दुहेरी केली होती. समोरून टक्कर झाली तर इंजिन आत बसलेल्यांच्या पायांवर न येता त्या जमिनीखाली सरकावे, अशी ती योजना. आणि अशा गाडीचे पुढे काय झाले? ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधील एका मोटारविषयक नियतकालिकाच्या परीक्षकांनी रस्त्यात अचानक सांबरासारखे जनावर आडवे आले असता गाडी कशी वळते, याची चाचणी घेतली, आणि ती उलटली! शंभर वर्षांची अब्रू एका वळणावर आडवी झाली.

येथे घराण्याने जे केले ते आम्हांस त्याच्या सबंध इतिहासात सर्वांत कुलीन वाटते. प्रथम थोडी टाळाटाळ झाली, ती मनुष्यस्वभावास धरूनच होती. पण नंतर त्यांनी गाड्यांचा पुरवठा थांबवून सुमारे तीन महिने खर्ची घातले आणि प्रत्येक ‘ए-क्लास’मध्ये घसरणाऱ्या गाडीस चाकागणिक ब्रेक लावून सावरणारी विजेची यंत्रणा बसविली. ही यंत्रणा १९९५ साली प्रथम निघाली होती ती त्यांच्या सर्वांत महाग गाडीत. राजाच्या अंगावरील चिलखत काढून धाकट्या पातीतील शेंडेफळाच्या अंगात घालावे, तसे झाले. त्याचे पडसाद पुष्कळ दूर गेले. इतर कारखान्यांसही लाजेकाजेने ते करावे लागले, आणि नोव्हेंबर २०१४ पासून युरोपात प्रत्येक नव्या मोटारीस ही यंत्रणा सक्तीची झाली.

असे असता याच घराण्याने २०१२ साली ती दुहेरी जमीन व ती उंच पेटी टाकून दिली. नवी ‘ए-क्लास’ आधीच्या गाडीहून सुमारे १६ सेंटीमीटरनी बुटकी, ४.२९ मीटर लांब, तोंडावर ठसठशीत तारा मिरविणारी व चारचौघींसारखी सुरेख अशी निघाली. २०१३ साली ती भारतातही आली, आणि पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर नवश्रीमंत तरुणांच्या हाती दिसू लागली. विक्रीच्या दृष्टीने हा निर्णय बरोबर होता, हे आकड्यांवरून कोणीही दाखवील. ज्या धंद्यात हजारो कामगारांची चूल पेटते, त्यातील माणसांनी प्राध्यापकांच्या आवडीनिवडीवर विसंबून राहावे, अशी आमची मुळीच अपेक्षा नाही. तथापि खरा वारस कोणता, असे आम्हांस विचारले तर आम्ही त्या कुरूप, एकदा उलटलेल्या पेटीकडेच बोट दाखवू. तिने घराण्याचा चेहरा घेतला नव्हता. घराण्याचे ओझे घेतले होते.

आमच्या संगीतातील घराण्यांवरही असाच प्रसंग एकदा आला होता. तासभर चालणारा ख्याल तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसवावयाचा होता. कित्येक बुवांनी ती गोष्ट हलकी मानली, आणि कित्येकांनी नुसत्या ताना फेकून वेळ भरून काढला. मिरजेस राहिलेले अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले. त्यांच्या तबकड्या आजही लावून पाहाव्या. पसारा सारा गेला आहे, परंतु षड्ज लागतो तो किराण्याचाच लागतो. लहान झाल्याची तक्रार त्या तीन मिनिटांत कोठेच ऐकू येत नाही.

याउलट नुसते नाव चिकटविण्याचा मासला पाहावयाचा असेल तर ॲस्टन मार्टिन या इंग्रजी घराण्याच्या ‘सिग्नेट’कडे पाहावे. युरोपातील धुराच्या नियमांनी प्रत्येक कंपनीच्या गाड्यांची सरासरी मोजण्यास आरंभ केला होता, आणि लहान गाडीवाचून ती सरासरी खाली येईना. तेव्हा या मंडळींनी २०११ साली टोयोटाची ‘आयक्यू’ ही जेमतेम तीन मीटरांची गाडी घेतली, तिच्यावर आपली जाळी व आत आपले कातडे चढविले, आणि दुप्पट-तिपटीने किंमत सांगितली. २०१३ साली तो व्यवहार गुंडाळावा लागला. दत्तक घेण्यास आमचा विरोध नाही. आपल्या इतिहासात कित्येक दत्तक पुत्रांनी गादी उजळविली आहे. परंतु दत्तकास घरात न वाढविता नुसती पगडी घालून दरबारात उभे केले तर सरदार हसणारच.

जॅग्वारची हकीकत अधिक करुण आहे, आणि तिचा धागा आपल्यापर्यंत पोहोचतो. ते घराणे फोर्डच्या ताब्यात असताना २००१ साली ‘एक्स-टाइप’ ही लहान मोटार निघाली. सांगाडा मुख्यतः फोर्डच्या ‘माँडेओ’पासून घेतलेला, आणि तोंड मात्र हुबेहूब थोरल्या जॅग्वारचे: तेच चार गोल दिवे, तीच बाकदार कपाळपट्टी. वाईट ती नव्हती; पण आजोबांचा अंगरखा घातलेल्या मुलासारखी दिसे. अपेक्षेप्रमाणे ती कधीच खपली नाही. २००८ साली टाटांनी जॅग्वार व लँड रोव्हर ही दोन्ही नावे २.३ अब्ज डॉलरना घेतली, आणि पुढल्याच वर्षी ‘एक्स-टाइप’ बंद झाली. त्याच टाटांच्या अमदानीत २०११ साली रेंज रोव्हरची धाकटी ‘इव्होक’ आली. तिने वडिलांची नक्कल केली नाही. उतरते छप्पर आणि वर चढत जाणाऱ्या खिडक्या घेऊन ती स्वतःच्या तऱ्हेने उभी राहिली, आणि चालली. जॅग्वारने मात्र २०२४ साली नवे बोधचिन्ह व नवे रूप पुढे करून लहान पातीचा नादच सोडल्याचे व अधिक महाग, थोड्याच गाड्या काढणार असल्याचे जाहीर केले. ऑस्टिन सेव्हनच्या नातवाने आपण पणजीस ओळखत नाही म्हणावे, यास काय म्हणावे!

विजेच्या मोटारीने आता सर्वांचाच चेहरा अडचणीत आणला आहे. इंजिन नाही, तेव्हा मायबाखाच्या मोठ्या जाळीचे काम उरले नाही. मर्सिडीझने २०२२ साली आपल्या लहान गाड्यांचे प्रकार सातावरून चारांवर आणण्याचे जाहीर केले. आणि त्या उरलेल्यांतील पहिली ‘सीएलए’ २०२५ साली पुढे आली. विजेवर चालणाऱ्या या गाडीच्या तोंडावर जाळीच्या जागी काळी तबकडी असून तीत १४२ लहान तारे दिव्यांनी उजळतात, लुकलुकतात. रात्री ते दृश्य दिवाळीसारखे दिसत असेल. वारा मात्र त्यांतून वाहत नाही. परंतु तिच्या तळाशी जी नवी बॅटरी व मागच्या धुऱ्यावर जी दोन गतींची चाकयोजना आहे, ती त्या घराण्यातील थोरल्यांच्या आधी या धाकटीस मिळाली आहे, आणि एकदा भरलेल्या विजेवर चाचणीच्या मोजमापाने ती ७९२ किलोमीटरपर्यंत जाते. चाकणपासून आण्यापर्यंत जाऊन येण्याच्या खेपा किती होतात, याचा हिशेब पुतण्याने बसल्या बसल्या केला. वडीलबंधूंनी तारे किती, ते पुन्हा एकदा विचारून घेतले.